सीरम आयर्न, फेरिटिन आणि केसगळती : अहवाल कसा वाचावा

केस गळू लागले म्हणून रक्त तपासले, ‘सीरम आयर्न’समोरचा आकडा मर्यादेत निघाला आणि ‘लोह तर ठीक आहे’ असे म्हणून तो कागद कपाटात ठेवला गेला, असे सोलापुरातल्या अनेक घरांत घडते. त्याच कागदावर फेरिटिनची, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासणीची, ओळ असती, तर कदाचित निराळेच चित्र दिसले असते. याच्या उलटही घडते. फेरिटिन थोडे कमी दिसले की केसगळतीचे सगळे खापर लोहावर फुटते. मग थायरॉइड, बाळंतपण, होऊन गेलेले आजारपण किंवा घराण्यातून आलेला विरळपणा यांचा विचारच होत नाही. अहवाल हाती आल्यावर कोणता आकडा काय सांगतो, काय सांगत नाही आणि त्यानंतर काय करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. डॉक्टरांचा सल्ला यामुळे टळत नाही, परंतु त्यांना नेमके काय विचारावे हे मात्र कळते.

रक्तातले लोह आणि साठ्यातले लोह

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये असते, थोडे स्नायूंत आणि विकरांत (एन्झाइममध्ये) असते, आणि उरलेले फेरिटिन नावाच्या प्रथिनात बांधून यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा येथे राखून ठेवलेले असते. हा राखीव साठा पुरुषांमध्ये एक ग्रॅमपर्यंत असू शकतो. पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये तो साधारण ३०० मिलिग्रॅम आणि अनेकींमध्ये त्याहून पुष्कळ कमी असतो.

सीरम आयर्न म्हणजे यांपैकी काहीच नव्हे. ट्रान्सफेरिन हे वाहक प्रथिन त्या क्षणी रक्तद्रवातून जे लोह एका ठिकाणाहून दुसरीकडे नेत असते, तेवढ्याचेच हे मोजमाप आहे. कोणत्याही क्षणी ते जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम भरते, आणि जुन्या लाल पेशी मोडून मिळणारे व नव्या पेशींसाठी लागणारे वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह रोज याच वाटेने जात असल्यामुळे ते दिवसातून अनेकदा बदलून जाते. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथल्या माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही : पाइपातून आत्ता पाणी वाहते आहे एवढ्यावरून गच्चीवरची टाकी भरलेली आहे असे कोणी धरून चालत नाही.

त्यामुळे एकट्या सीरम आयर्नवर विसंबणे दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे. हा आकडा सकाळी आणि संध्याकाळी वेगळा येऊ शकतो, लोहाची गोळी घेतल्यावर काही तास तो चढलेला असतो आणि ताप किंवा जंतुसंसर्ग असताना साठा भरलेला असूनही तो खाली जातो. फेरिटिन इतके चंचल नाही. साठ्यातल्या फेरिटिनचा अल्पसा अंश रक्तात उतरतो आणि निरोगी माणसात तो साठ्याच्या प्रमाणात असतो; ढोबळ मानाने रक्तातले १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर फेरिटिन म्हणजे आठ ते दहा मिलिग्रॅम साठवलेले लोह.

लोह घटण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी साठा आटतो, म्हणजे फेरिटिन उतरते. त्यानंतर ट्रान्सफेरिनवरचे लोह कमी पडू लागते. हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी घसरते, कारण प्राणवायू वाहणाऱ्या पेशींना लोह मिळत राहावे म्हणून शरीर इतर सर्वांची तोशीस पत्करते. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला, परंतु ही मोजणी हिमोग्लोबिनची होती. हिमोग्लोबिन अजून टिकून आहे आणि साठा मात्र संपला आहे अशा स्त्रिया त्या आकड्यात आलेल्याच नाहीत, आणि केसगळतीची तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये अशा स्त्रिया बऱ्याच असतात.

तपासणी कशी करून घ्यावी

डॉक्टरांशी बोलून एकाच वेळी सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, सीरम आयर्न, टीआयबीसी (रक्तातले वाहक प्रथिन एकूण किती लोह वाहू शकते) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (त्यातले किती टक्के लोहाने भरलेले आहे) या तपासण्या कराव्यात. केसांच्या तक्रारीत टीएसएच ही थायरॉइडची तपासणी जोडणे योग्य ठरते, आणि नुकतेच आजारपण झाले असेल किंवा सांधे-आतड्यांचा जुना दाह असेल तर दाह दाखवणारी सीआरपीदेखील करून घ्यावी. सर्वांचा खर्च एकदम परवडत नसेल तर सीबीसी आणि फेरिटिन या दोन सोडू नयेत. केवळ सीरम आयर्न करून पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यावे. लोहाची गोळी चालू असेल तर तपासणीपूर्वी किमान एक दिवस ती थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. ताप असताना किंवा डेंग्यू, टायफॉइडसारख्या आजारातून उठल्याउठल्या फेरिटिन करू नये, कारण दाहाच्या काळात ते आपोआप वाढते आणि रिकामा साठाही भरल्यासारखा दिसतो. काही आठवडे जाऊ द्यावेत. केसांसाठी म्हणून औषधांच्या दुकानांतून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते, आणि बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएचसारख्या तपासण्यांचे आकडे खोटे येतात. अशी गोळी घेत असल्यास प्रयोगशाळेला तसे सांगावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती दोन-तीन दिवस आधी बंद ठेवावी. पुढची तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करता येते.

आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत

हिमोग्लोबिन गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये प्रति डेसिलिटर १२ ग्रॅमच्या आणि पुरुषामध्ये १३ ग्रॅमच्या खाली गेले की ॲनिमिया म्हणतात. सीरम आयर्नची मर्यादा बहुतेक ठिकाणी ६० ते १७० मायक्रोग्रॅम आणि टीआयबीसीची २५० ते ४५० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास छापलेली असते. सॅच्युरेशन काढण्यासाठी सीरम आयर्नला टीआयबीसीने भागून शंभरने गुणावे. हे उत्तर २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमी पडत असल्याचा संशय घ्यावा.

एक उदाहरण करून पाहावे. समजा हिमोग्लोबिन १२.३, सीरम आयर्न ७०, टीआयबीसी ४२० आणि फेरिटिन ११ आहे. पहिले तिन्ही आकडे छापील मर्यादेत बसतात, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणतीही खूण नसते. पण ७० भागिले ४२० म्हणजे साडेसोळा टक्क्यांच्या किंचित वर, आणि ते कमी आहे. साठा कमी झाला की शरीर वाहक प्रथिन वाढवते, म्हणून टीआयबीसी वरच्या टोकाला गेलेली आहे. फेरिटिन ११ म्हणजे साठा जवळजवळ संपलेला. काही प्रयोगशाळा स्त्रियांसाठी फेरिटिनची खालची मर्यादा दहाच्या आसपास छापतात, त्यामुळे हा आकडादेखील ‘नॉर्मल’ म्हणून सुटून जाऊ शकतो. छापील मर्यादा ही त्या पद्धतीने तपासलेल्या लोकांत सामान्यतः आढळणाऱ्या आकड्यांवरून ठरते, आणि ज्या समाजात लोहाची कमतरताच सर्वसामान्य आहे तिथे अशी मर्यादा पुरेशी आहे असे मानू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार एरवी निरोगी असलेल्या प्रौढ व्यक्तीत फेरिटिन १५ च्या खाली असणे म्हणजे लोहाची कमतरता, आणि संसर्ग किंवा दाह असल्यास ही रेषा ७० वर धरावी. प्रत्यक्ष उपचारात अनेक डॉक्टर ३० च्या खालचा आकडा कमतरतेचाच धरतात. माझ्या मते तीसची रेषा अधिक उपयोगी आहे, कारण पंधरापर्यंत वाट पाहणे म्हणजे साठा पूर्ण संपण्याची वाट पाहणे होय.

दोन जोड्या मात्र फसव्या असतात. फेरिटिन ८०-९०, सीआरपी वाढलेली, सीरम आयर्न कमी आणि टीआयबीसीही कमी असे दिसले तर दाहामुळे लोह साठ्यात अडकलेले असण्याची शक्यता असते, आणि सोबत खरी कमतरता आहे का हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. दुसरी जोडी अधिक महत्त्वाची आहे : सीबीसीमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८० च्या बरीच खाली, लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, आणि फेरिटिन चांगले. येथे थॅलेसिमिया मायनरचा, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या दोषाचा, विचार करून हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणी करावी लागते. ‘पेशी लहान आहेत, म्हणजे रक्त कमी आहे’ असे समजून अशा व्यक्तीला वर्षानुवर्षे लोह देत राहणे निरुपयोगी असते आणि त्यातून अपायही होऊ शकतो. लग्न ठरलेल्या किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या जोडप्यासाठी तर ही माहिती केसांपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

केसांशी याचा संबंध किती

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले ८५ ते ९० टक्के वाढीच्या अवस्थेत असतात आणि ती अवस्था दोन ते सहा वर्षे चालते. बाकीचे विश्रांतीच्या अवस्थेत सुमारे तीन महिने राहून गळून पडतात. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणे नैसर्गिक आहे. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या अतिशय वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत, आणि पेशी विभागताना नवा डीएनए तयार करणाऱ्या एका विकराला लोह लागते. साठा आटल्यावर केसांना त्याची झळ पोहोचू शकते, या म्हणण्याला एवढा आधार निश्चित आहे.

त्यापुढे मात्र सावधपणे बोलावे लागते. केस गळणाऱ्या स्त्रियांमध्ये फेरिटिन कमी आढळल्याचे काही अभ्यास सांगतात, तर काहींना तसा फरक आढळलेला नाही. केसांसाठी फेरिटिन ४० च्या वर हवे असे काही त्वचारोगतज्ज्ञ मानतात, काही ७० चा आकडा सांगतात, आणि या दोन्हींवर सर्वांचे एकमत नाही. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर केसांचा विचार बाजूला ठेवूनही ते भरून काढावे, कारण थकवा, जिना चढताना लागणारी धाप, रात्री पायांची तळमळ आणि माती, खडू, बर्फ किंवा कच्चे तांदूळ खाण्याची अनावर इच्छा यांमागे तीच कमतरता असू शकते. फेरिटिन ५५ असताना केस गळत असतील तर मात्र केवळ ते सत्तरवर नेण्यामागे लागून दुसरी कारणे शोधायचे थांबू नये.

ही कारणे शोधताना कालगणना फार उपयोगी पडते. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने केलेली वजनघट यांचा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, गड्ड्याच्या दिवसांत केस मूठ-मूठ येऊ लागले असतील, तर दसऱ्याच्या सुमारास घरात डेंग्यू किंवा दुसरा मोठा ताप झाला होता का, हे आठवावे. अशी गळती सर्व डोक्यावरून होते आणि बहुधा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. साठा रिकामा असेल तर तिच्यातून सावरायला वेळ लागू शकतो. भांग हळूहळू रुंद होत असेल तर तो आनुवंशिक विरळपणा असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले असतील तर ती चाई होय. भुवयांचे केस जाणे, टाळूवर वेदना, खपल्या किंवा व्रण असणे, यांपैकी काही दिसल्यास थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

येथे बोअरच्या पाण्याविषयीही सांगणे आवश्यक आहे, कारण सोलापुरात केसगळतीचा पहिला दोष त्यालाच दिला जातो. जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात आणि मधूनच तुटतात. मुळापासून गळणे ही वेगळी घटना आहे. कंगव्यातला केस उजेडात धरून पाहावा. त्याच्या एका टोकाला बारीक पांढरा कंद असेल तर तो मुळापासून सुटलेला आहे आणि त्याचे कारण शरीरात शोधावे; कंद नसलेले आखूड तुकडे अधिक असतील तर पाणी, रसायने, ओले केस ओढून विंचरणे यांकडे पाहावे.

साठा कशामुळे रिकामा झाला

एक मिलिलिटर रक्तासोबत ०.४ ते ०.५ मिलिग्रॅम लोह जाते. सामान्य पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह. रक्तस्राव शंभर मिलिलिटरवर गेला की हा खर्च चाळीस-पन्नास मिलिग्रॅम होतो. आहारातून शरीरात शोषले जाणारे लोह दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच असते आणि त्यातले सुमारे एक मिलिग्रॅम त्वचा व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज निघून जाते. हा जमाखर्च मांडला की अति रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीला केवळ खाण्यापिण्यातून साठा भरून काढणे का जमत नाही, हे लक्षात येते. दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे किंवा पाळी सात दिवसांहून अधिक चालणे ही अति रक्तस्रावाची लक्षणे आहेत आणि ‘आमच्या घरात सगळ्यांनाच असे होते’ म्हणून ती सोडून देऊ नयेत. तांब्याची तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवल्यानंतर रक्तस्राव वाढला असेल तर तेही स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावे.

पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत फेरिटिन कमी आढळले, तर केसांचा प्रश्न तात्पुरता दुय्यम समजावा. अशा वेळी मूळव्याध, गुडघेदुखीसाठी सतत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेला जठराचा व्रण, आणि आतड्याचा कर्करोगदेखील, तपासून वगळावा लागतो. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘सिव्हिल’मध्ये, मेडिसिन, स्त्रीरोग आणि त्वचारोग हे तिन्ही विभाग आहेत.

ताटात काय बदलावे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला आहारातून रोज २९ आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह मिळावे. आपल्या भागातले रोजचे जेवण यासाठी वाईट नाही : शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे चार आणि शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे आठ मिलिग्रॅम लोह असते. अडचण शोषणाची आहे. धान्य-कडधान्यांतले फायटेट नावाचे द्रव्य लोहाला बांधून ठेवते, त्यामुळे हुलगे व मटकी भिजवून मोड आणाव्यात आणि माडगे, शेंगोळे किंवा उसळ यांच्याबरोबर लिंबू, पेरू, आवळा असे क जीवनसत्त्वाचे काहीतरी त्याच जेवणात घ्यावे. मांसाहार चालत असल्यास मटण आणि काळीज यांतले लोह वनस्पतींतल्या लोहापेक्षा कितीतरी चांगले शोषले जाते. गरोदरपणात काळीज खाण्यापूर्वी मात्र डॉक्टरांना विचारावे, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार असते.

सर्वांत मोठा आणि फुकटचा बदल चहाचा आहे. जेवणासोबत घेतलेला चहा त्या जेवणातल्या वनस्पतिज लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी करू शकतो. विड्या वळणाऱ्या किंवा टॉवेल-चादरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या अनेक जणी दिवसभर भूक चहावर भागवतात आणि भाकरी खाल्ल्याबरोबर पुन्हा कप हातात घेतात. चहा सोडायला सांगणे व्यवहार्य नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे व्यवहार्य आहे.

डाळिंबाविषयी स्पष्ट लिहावे लागेल. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि ते उत्तम फळ आहे, परंतु शंभर ग्रॅम दाण्यांत अर्धा मिलिग्रॅमदेखील लोह नसते. बीटही या बाबतीत फार काही देत नाही. लाल रंगावरून लोहाचा अंदाज करू नये. एकादशी, श्रावण आणि नवरात्रातल्या उपवासांत साबुदाण्यावरच भर असेल तर त्यातून लोह जवळजवळ मिळत नाही. राजगिरा आणि शेंगदाणे हे त्याहून चांगले पर्याय आहेत.

गोळ्या, त्यांचा काळ आणि पुढची तपासणी

रिकामा साठा आहाराने भरायला फार काळ लागतो, म्हणून डॉक्टर गोळी देतात. पाकिटावर क्षाराचे, म्हणजे लोहाच्या संपूर्ण संयुगाचे, वजन आणि मूल लोहाचे, म्हणजे त्यातल्या प्रत्यक्ष लोहाचे, वजन वेगवेगळे असू शकते. मूल लोह किती आहे, हे वाचावे. फेरिटिन १० वरून ५० वर न्यायचे असेल तर साठ्यात सुमारे ३२० ते ४०० मिलिग्रॅम लोह जमा व्हावे लागते. साठ मिलिग्रॅमच्या गोळीतून दहा टक्के शोषले गेले तर एका गोळीमागे सहा मिलिग्रॅम पदरात पडतात, त्यामुळे दोन-तीन महिने लागणारच. हिमोग्लोबिनही कमी असेल तर लोह आधी तिकडे जाते आणि साठ्याची पाळी नंतर येते. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात प्रौढ स्त्रियांना आठवड्याला मिळणारी ६० मिलिग्रॅमची लाल गोळी प्रतिबंधासाठी आहे. आटलेला साठा भरण्याचे काम तिच्याकडून अपेक्षू नये.

अधिक गोळ्या घेतल्याने वेग वाढत नाही. लोहाचा मोठा डोस गेला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि सुमारे चोवीस तास पुढचे शोषण मंदावते. म्हणूनच अनेक डॉक्टर आता एक दिवसाआड एकच गोळी सुचवतात, आणि त्यामुळे पोटाचा त्रासही कमी होतो. शौचाचा रंग काळा होणे अपेक्षित आहे, त्याने घाबरून गोळी बंद करू नये. कॅल्शियमची गोळी आणि दूध यांच्यासोबत लोह घेऊ नये, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. लहान मुलांच्या हाती ही गोळी कधीही लागू देऊ नये; रंगीत गोळ्या गोड समजून मुलांनी खाल्ल्या तर त्यातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

हिमोग्लोबिन कमी असल्यास ते चार आठवड्यांत साधारण एक ग्रॅमने तरी वाढायला हवे. तसे न झाल्यास गोळी नीट घेतली जाते आहे का, रक्तस्राव चालू आहे का आणि निदान बरोबर आहे का, हे पुन्हा पाहावे. फेरिटिन तीन महिन्यांनी करावे. शिरेतून लोह दिले असेल तर त्यानंतर काही आठवडे फेरिटिन खूप चढलेले दिसते, म्हणून तेव्हाचा आकडा खरा धरू नये. केसांना याहून अधिक वेळ लागतो : गळती कमी व्हायला तीन ते सहा महिने, आणि केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढत असल्यामुळे वेणीची जाडी परत जाणवायला वर्षभर किंवा अधिक. सहा महिन्यांनी फेरिटिन भरलेले आहे आणि गळती तशीच आहे असे झाले, तर लोह हे त्या गळतीचे मुख्य कारण नव्हते असे समजून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

गोळ्या बंद केल्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी फेरिटिन आणखी एकदा करावे. ही तपासणी बहुतेक जण टाळतात, पण रक्तस्राव अजून चालू आहे की थांबला, हे तीच दाखवते. आकडा पुन्हा तिशीच्या खाली आला असेल, तर नव्या गोळ्यांचे पाकीट आणण्याआधी रक्त कुठून जाते आहे, याचा शोध घेण्यासाठी डॉक्टरांकडे जावे आणि जाताना आधीचे सर्व अहवाल तारखेप्रमाणे लावून सोबत न्यावेत.